चार रोहिणी, एक टाळी

बायडाबाईनं उभ्या जन्मात कुठल्याही गाण्याची पहिली ओळ म्हटली नाही. पहिली ओळ दुसरीची. बायडाबाईचं काम त्या ओळीचं शेपूट धरायचं. पुढची बाई ओळ म्हणते, शेवटच्या शब्दाशी तिचा दम सरत येतो, तो शब्द खाली पडायच्या आत मागची बाई उचलते आणि अर्धी ओळ फिरवून परत आणते. तेवढ्यात पुढची श्वास घेऊन मोकळी. याला आमच्या पारोळ्याकडं झेल म्हणतात. झेल धरणारीला गोड गळा लागत नाही, कान लागतो आणि धीर लागतो. शब्द लवकर उचलला तर पुढचीच्या तोंडातला घास ओढल्यासारखं होतं. उशिरा उचलला तर गाण्याला भोक पडतं.

बायडाबाईच्या झेलीत भोक कधी पडलं नाही. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती आपल्या आईच्या, चिमाबाईच्या, मागं बसून झेल धरायची. चिमाबाई चारचौघींत सांगायची, "मन्ही पोर झोपमा बी ताल सोडस नही." एकदा हिवतापानं फणफणलेली असताना पोरीनं गोधडीखालून ताल धरला होता आणि तो बाहेर चाललेल्या गाण्याशी टाळीला टाळी जुळत होता, हे गावानं बघितलेलं होतं. तेवढंच तिचं वैभव. बाकी आवाज घोगरा, भरड, जात्यातून डाळ निघावी तसा.

चौऱ्याऐंशी साली नवरा झुंबर सिल्वासाला कामाला आला तेव्हा तीही आली. सामरवरणीला धाग्याच्या कंपनीत झुंबर मशीनवर लागला आणि दोन वर्षांनी ती पॅकिंग खात्यात. धाग्याचे कोन पिशवीत घालायचे, पिशव्या खोक्यात. तिथं ती बायडाबाईची बायडाबेन झाली. सुपरवायझर गुजरातीत ओरडायचा, ही हिंदीत उत्तर द्यायची आणि शिवी मात्र अहिराणीत. राहायला कंपनीजवळच चाळ. दहा खोल्या, त्यातल्या नऊ खानदेशच्या. त्यामुळं श्रावणात कानबाई बसायची ती गावासारखीच. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे लावून देवी मांडायची, रोट खायचे, गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत दमणगंगेत विसर्जन.

एकोणनव्वदला झुंबरच्या धाकट्या भावाचं, नवनाथचं, लग्न झालं आणि रोहिणी चाळीत आली. अठरा वर्षांची, काडीसारखी बारीक, आणि गळा असा की ओट्यावर बसून हाक मारली तर कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन मान वळवायचा. गाणी मात्र तिला चारही येत नव्हती. ती सगळी बायडाबाईनं शिकवली. कानबाईची बावीस, हळदीची, जावळाची. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, दम कुठं सोडायचा. शिकवताना बायडाबाईला वाटलं होतं, चला, आपल्या झेलीला एक पुढची मिळाली. पहिल्याच श्रावणात चाळीतल्या बाया म्हणाल्या, "काय आवाज शे वं रोहिणीना!" शिकवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. झेल कुणी धरली, हे तर नाहीच. झेल ही पायरीसारखी असते, चढून गेल्यावर कोण बघतं तिच्याकडं?

तेव्हापासून बायडाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते नऊ वर्षं दुखत राहिलं. "आवाज कसाना, पातळ ताक नुसतं," असं ती झुंबरला सांगायची. रोहिणीच्या भाकरी कच्च्या, रोहिणीचा झाडू ओला, रोहिणी हसते तेव्हा हिरड्या दिसतात. झुंबर एका कानानं ऐकायचा आणि विडी पेटवायचा.

कंपनीत श्रीधर म्हणून मेंटेनन्सचा इंजिनिअर होता, पुण्याचा. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला मशीनपूजेच्या वेळी बायांनी गाणं म्हटलं ते त्यानं ऐकलं, आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. त्याला संगणकाचा नाद. मुंबईहून सुटे भाग आणून त्यानं घरीच एक संगणक जोडला होता आणि त्यात गाण्याचं काहीतरी टाकलं होतं. "कॅसेट काढू तुमची," तो म्हणाला. "येत्या श्रावणात तुमच्या देवीला तुमचीच कॅसेट वाजवायची."

हे ऐकून चाळीत दिवाळीच झाली. आषाढात तो टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि ओट्यावर बायांना बसवून पहिलं गाणं टेप केलं. रोहिणी पुढं, बायडाबाई मागं, बाकीच्या कडेनं. बायडाबाईनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आवाज टेप होतो, लुगडं होत नाही, हे झुंबरनं तिला सांगितलं, आणि संध्याकाळी त्याला आमटीत मीठ मिळालं नाही.

पुढच्या रविवारी साहेबानं दोघींनाच घरी बोलावलं. झुंबर सोबतीला. सिल्वासात बाजाराच्या मागं दुसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि टेबलावर संगणक. साहेबानं टेपची वायर संगणकाला लावून ओट्यावरचं गाणं आधीच आत घेतलं होतं. पडद्यावर एक आडवी पट्टी, तिच्यात हिरवी नागमोडी रेघ.

"हा तुमचा आवाज," तो म्हणाला.

बायडाबाई पदर सावरून पुढं झाली. "यात माझा कोणता?"

"तीच तर अडचण आहे. सगळं एकात एक आहे. ऐका." त्यानं वाजवलं. रोहिणीचा आवाज आला: उनी वं माय कानबाई, दारमा पाट टाका... आणि 'टाका'च्या आतच बायडाबाईचा भरड आवाज शिरला. मागून रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगाही.

"बघा, इथं एकीचं संपायच्या आधीच दुसरीचं सुरू होतं," साहेब म्हणाला. "शब्द कळत नाहीत. कॅसेटवर स्वच्छ पाहिजे. म्हणून मी काय करणार आहे, रोहिणीताईंचा आवाज चार वेळा घेणार. चार वेगळ्या फाइली. मग त्या एकीखाली एक लावायच्या आणि एकदम वाजवायच्या. चार रोहिणी एकाच वेळी गातील. भरलेला आवाज येईल, एकदम भरलेला."

झुंबर खो खो हसला. "साहेब, आमच्या नवनाथला एक आवरत नाही. तुम्ही चार करता?"

रोहिणी लाजली. बायडाबाई हसली नाही. तिनं सरळ विचारलं, "आणि मी?"

"तुमचं काम मोठं आहे, बायडाबाई. माझ्या संगणकाला एका वेळी एकच जमतं, एकतर ऐकवणं, नाहीतर ऐकून घेणं. म्हणजे दुसऱ्यांदा गाताना रोहिणीताईंना पहिलं गाणं ऐकू येणार नाही. चारही वेळा चाल तंतोतंत एक पडायला पाहिजे. तुम्ही शेजारी बसून टाळी धरायची."

"टाळी."

"फक्त टाळी. गायचं नाही."

असं म्हणून त्यानं हातातली ती उंदरासारखी वस्तू सरकवली, एकदा टकटक केलं, आणि ओट्यावरची पट्टी मुकी केली. रेघ पडद्यावरून पळतच होती. रेघेचे डोंगर, दऱ्या सगळं तसंच. पण आवाज नाही. बायडाबाई बघत राहिली. आपण त्या रेघेत आहोत, तोंड उघडतो आहोत, आणि ऐकू काही येत नाही. तिला आपल्या नाकातोंडावर कुणी उशी दाबल्यासारखं झालं.

पहिला टेक झाला. रोहिणी माइकासमोर उभी, बायडाबाई खाली सतरंजीवर, टाळी धरून. ओळ संपली, की झेलीची जागा यायची. चार टाळ्यांची जागा. तिथं बायडाबाईच्या जिभेवर शब्द येऊन बसायचा आणि ती ओठ आवळून त्याला गिळायची. रोहिणीही शिकवल्यासारखी तिथं चार टाळ्या थांबायची, दम घ्यायची आणि पुढची ओळ उचलायची. साहेबाला ते फार आवडलं. "वा! मधे मोकळी जागा सोडता, छान वाटतं. गाण्याला श्वास आहे." त्याला काय ठाऊक, ती मोकळी जागा कुणाची होती.

दुसरा टेक तसाच. साहेबानं कौतुक केलं, रोहिणीचं. मग तो म्हणाला, "कॅसेटवर नाव टाकू. रोहिणी आणि खाली 'खानदेशी गाणी'. फोटो पण टाकू."

"आक्काचं बी टाका ना," रोहिणी बायडाबाईकडं बघत म्हणाली.

"टाकू की. तालसाथ म्हणून, मागच्या बाजूला. जागा उरली तर."

जागा उरली तर! तिसऱ्या टेकाला बायडाबाईनं टाळी कणभर घाईची धरली. कणभरच. मिठाच्या खड्याएवढी. चौथ्याला कणभर सावकाश. हे करायला फार कसब लागतं बरं का. ताल चुकवणं सोपं, पण न चुकल्यासारखा चुकवणं हे ज्याला ताल पक्का आहे त्यालाच जमतं. रोहिणी तर डोळे मिटून टाळीवर विसंबून गात होती. आठ वर्षं, नऊ वर्षं ती टाळी तिनं जमिनीसारखी धरली होती. जमीन हलते का, असं कोण बघतं?

साहेबानं चारही फाइली आत घेतल्या, एकीखाली एक लावल्या आणि वाजवलं. पहिली ओळ झकास. दुसरीला जरा फरफट. तिसऱ्या कडव्याला तर चार रोहिणी नळावर भांडाव्यात तसा गोंधळ. एक 'पाट' म्हणते तेव्हा दुसरी 'टाका'वर, तिसरी अजून 'दारमा'.

"रोहिणीताई, तुम्ही घाई करताय," साहेब म्हणाला. "आणि शेवटी खेचताय. परत घेऊ."

परत घेतलं. परत गोंधळ. तिसऱ्यांदा घेतलं. रोहिणीचा घसा चिरकायला लागला. साहेबाच्या बायकोनं, ज्योतीताईंनी, तिला कोमट पाणी दिलं. "मला जमतच नाही हो," असं म्हणताना रोहिणीचे डोळे भरले. बायडाबाई खाली बसून मांडीवरच्या लुगड्याच्या चुण्या सारख्या करत होती. तिच्या पोटात नऊ वर्षांनी गार वाटत होतं. कुणी थंड ताक प्यायला द्यावं तसं. खोटं कशाला सांगा, मजा येत होती तिला.

साहेब पडला इंजिनिअर. त्यानं हार मानली नाही. त्यानं पडद्यावरच्या पट्ट्या मोठ्या केल्या, आणखी मोठ्या केल्या. रेघेतून सारख्या अंतरावर टोकं वर आली, कापलेल्या ज्वारीची खुंटं शेतात उभी असतात तशी.

"ही टोकं म्हणजे टाळी," तो म्हणाला. बोटानं मोजत गेला. वरच्या पट्टीतली खुंटं आणि तिसरीतली. "अरेच्चा! रोहिणीताई, तुमचं काही चुकलेलं नाही. टाळीच पुढं गेलीये. आणि इथं मागं राहिलीये. बायडाबाई, दमलात वाटतं? होतं असं. माणूस आहे, चुकतो."

"आक्काचा ताल चुकत नाही, साहेब," रोहिणी म्हणाली.

"चुकलाय ना. हे बघा, दिसतंय."

"नाही चुकत." रोहिणी पडद्याकडं बघत नव्हती. ती बायडाबाईकडं बघत होती. "तापात नाही चुकत, झोपेत नाही चुकत. आक्काचा ताल चुकतच नाही."

झुंबरला एकदम खिडकीवरच्या गोधडीत काहीतरी बघावंसं वाटलं. बायडाबाईच्या जन्मभराच्या त्या एका वैभवानं तिला भर उजेडात पकडून दिलं होतं. चुकते असं कुणी मानलं असतं तर सुटली असती.

"माझा घसा बसला," रोहिणी साहेबाला म्हणाली. "पुढच्या रविवारी येते."

रिक्षात झुंबर पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं दोघी जावा.

"मुद्दाम करं ना तू?" रोहिणीनं विचारलं.

"काय करं मी?"

"तुले ठाऊक शे."

"येडी शे का तू? हात दुखी राह्यनात मना. दिवसभर खोका भरस मी, तुन्हासारखी गावानी हौस नही माले."

"माले सांगती तं मी साहेबले म्हनती, आक्का गावाले पाहिजे. मी दोनदा म्हनाले बी गयी व्हती."

"तुन्ही भीक नको माले!" बायडाबाई इतक्या जोरात बोलली, की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.

सामरवरणी आली. उतरताना रोहिणी एवढंच म्हणाली, "रडनी ना वं मी तठे, साहेबनी बायकोसमोर. तू पाही राह्यनी व्हती." आणि खोलीत गेली.

पुढच्या रविवारी रोहिणी एकटीच नवनाथबरोबर गेली. बायडाबाईला कुणी बोलावलं नाही. ती दिवसभर दाराशी बसून लसूण सोलत राहिली, दोन महिन्यांचा लसूण सोलला. मनात एकच: मी नाही तर ताल कोण धरेल? पाहू दे मजा. येतील संध्याकाळी रडत.

संध्याकाळी आले ते हसत. नवनाथनं सगळी हकिगत झुंबरला सांगितली, आणि मोठ्यानं सांगितली. साहेबानं पहिल्या टेकातली बायडाबाईची एक टाळी कापून काढली होती. एकच, चांगलीशी. तीच एकीपुढं एक चिकटवत गेला, गाण्याच्या लांबीभर. ती टाळ्यांची माळ कॅसेटवर उतरवून वॉकमनमधून रोहिणीच्या कानात घातली. मग रोहिणी चार वेळा गायली आणि चारही एकमेकींवर बसल्या, कोनावर कोन बसावा तशा.

"वहिनी, तुन्ही एकच टायी पुरनी!" नवनाथ हसत म्हणाला.

बायडाबाईनं लसणाचं सूप उचललं आणि आत गेली. रोहिणीवर जळणं तिच्या सवयीचं होतं. पण आता ती आपल्याच टाळीवर जळायला लागली. ती टाळी साहेबाच्या घरी गेली, ही इथं बसली. ती टाळी थकत नाही, रुसत नाही, घाई करत नाही. शहाणी टाळी! रात्री भांडी घासताना तिनं एकदा हात पुसून हळूच टाळी वाजवून बघितली. तशीच तर होती.

साहेबानं बाकीची गाणीही तशीच, खाली तीच टाळी ठेवून, केली आणि श्रावणात कॅसेट आली. वापीहून पन्नास नगांच्या खोक्यात. वर रोहिणीचा फोटो, केसात गजरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'तालसाथ: बायडाबाई'. जागा उरली होती.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पुढं टेम्पो, त्यावर कर्णा आणि कॅसेट, मागं बाया डोक्यावर देवी घेऊन. कंपनीतल्या बिहारी, गुजराती लोकांनी फाटकाशी उभं राहून बघितलं. श्रीधर साहेब आणि ज्योतीताईही आले होते. बायडाबाई घोळक्यात सगळ्यात मागं, तोंड शिवल्यासारखं करून चालत होती. आज आपण हूं की चूं करणार नाही, असं तिनं देवीसमोर ठरवलं होतं.

कर्णा वाजला. चार रोहिणी एकदम गायल्या: उनी वं माय कानबाई, दारमा पाट टाका. बायांच्या अंगावर काटा आला. नवनाथची मान दोन बोटं वर गेली. ओळ संपली.

आणि काही नाही. चार टाळ्या. टप, टप, टप, टप. चारही रोहिणी एकाच ठिकाणी दम घ्यायला थांबलेल्या. गाण्याला हे एवढं भोक.

पडद्यावर हे भोक कुणाला दिसलं नव्हतं. साहेबाला गाणं ठाऊक नव्हतं, आणि रोहिणीला, नवनाथला इतकं ठाऊक होतं, की ऐकताना झेल त्यांच्या डोक्यात आपोआप वाजत होती. पन्नास कॅसेटींवर ते भोक निघालं. आता भर रस्त्यात, कर्ण्यातून, ते विहिरीएवढं दिसायला लागलं. दुसरी ओळ झाली. परत भोक. बायांचे पाय अडखळले. कुणाला उचलायचा शब्द सापडेना, कुणी लवकर उचलला, कुणी उशिरा, एकीनं सुरू करून जीभ चावली. देवी डोक्यावर घेतलेली म्हातारी थांबलीच. एकेक मान मागं वळायला लागली.

बायडाबाईनं नजर दमणगंगेच्या पुलावर लावली. तिसरी ओळ. रोहिणीनंही मागं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. नळावर पाणी भरताना पुढची बाई मागचीला 'घे की लवकर' म्हणून बघते, तसं तिनं बघितलं.

चौथ्या ओळीला 'टाका' खाली पडत होतं तेवढ्यात बायडाबाईच्या तोंडातून झेल निघाली. जावेच्या मायेनं नाही, देवीच्या भक्तीनं नाही. ते भोक तिला सहन होईना, एवढंच. भरड, घोगरा आवाज, कर्ण्याच्या वर. दारमा पाट टाका वं. चार टाळ्यांत बरोबर बसला, आणि पुढची ओळ चार रोहिणींनी उचलली. बायांचे पाय परत चालायला लागले. श्रीधर साहेब तोंड उघडं टाकून उभा. ज्योतीताई त्याला म्हणाल्या, "तू हे कापलंस होय रे?"

नदीपर्यंत दोन-तीन वेळा ती कॅसेट उलटसुलट वाजली आणि बायडाबाई प्रत्येक भोक भरत गेली. टाळी आणि झेल, दोन्ही तिचीच. फक्त एक कर्ण्यातली आणि एक खालची. कर्ण्यातली किंचितही थकली नाही. खालचीचा घसा दुपारपर्यंत बसला. पण बसलेल्या घशानं तिनं झुंबरला सांगितलंच, "मनाबिगर ती कॅसेट म्हंजे चाळणी शे चाळणी."

त्यानंतर चाळीत रिवाज पडला. कॅसेट लावायची तर आधी आक्काला बोलवा. बारशाला, हळदीला. बायडाबाई आढेवेढे घ्यायची, चहा प्यायची आणि मग यायची. रोहिणीशी तिचं बोलणं 'मीठ दे', 'नळ आला' एवढ्यावर आलं, ते तसंच राहिलं. झालेल्या गोष्टीची माफी तिनं मागितली नाही, रोहिणीनंही ती गोष्ट काढली नाही. पण ही झेल धरायची तेव्हा रोहिणी आता मागं वळून बघायची. पूर्वी बघत नव्हती.

पोट थंड व्हायला एवढं पुरायला हवं होतं. झालंही असतं. पण गणपतीत नवनाथ खोकं मोकळं करून आला. पंचवीस कॅसेटी सुरतेला गेल्या होत्या, उधन्याला. तिथं आपली पारोळ्याची, अमळनेरची माणसं गल्ल्याच्या गल्ल्या. "तठे रोज वाजस," तो म्हणाला. "आखो मांगी राह्यनात."

"रोज वाजस?" बायडाबाईनं विचारलं.

"हा मंग! बाया गातस बरोबर."

बायडाबाई भाकरी थापत होती. रोज वाजते, म्हणजे रोज ते भोक पडतं. आणि बाया गातात, म्हणजे तिथं कुणीतरी बसून ते भरतं. कोण असेल ती भवानी? कसला आवाज असेल? शब्द वेळेवर उचलत असेल, की लवकर? माझ्या टाळीवर, माझ्या जागेत, मला न विचारता.

तव्यावरची भाकरी करपली. झुंबरनं वास घेतला आणि विचारलं, "आते काय व्हयनं?"

"काही नही," बायडाबाई म्हणाली, आणि करपलेली भाकरी बाजूला काढत, "उधन्याले जावाले गाडी कितीले शे रे नवनाथ?"